वाचकांचे प्रश्न : पालकांनी काय करायचे, मुलांवर काय सोपवायचे

मुलांचे रक्षण आणि संगोपन या विषयावर आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे आणि लांबलेली पत्रे मूळ प्रश्नाला धक्का न लावता आटोपशीर केली आहेत. पत्रांतली मुले तान्ह्या बाळापासून तरुण मुलापर्यंत सर्व वयांची आहेत, तरी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. जे काम मोठ्यांचे आहे ते नकळत मुलावर सोपवले जाते आणि मुलाला ते जमले नाही की आपण त्याच्यावर चिडतो. उत्तरांमध्ये हा मुद्दा वारंवार येईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : आमचा मुलगा दीड वर्षाचा आहे. न्हाणीघरात जायचे नाही, शेगडीला हात लावायचा नाही, हे मी त्याला दिवसभर सांगत असते. तो मान हलवतो, ‘नाई, नाई’ असे म्हणतोही, आणि म्हणता म्हणताच हात घालतो. त्याला सगळे कळते, तो मुद्दाम करतो, असे घरातली मंडळी म्हणतात. शिस्त कधीपासून लावावी?

उत्तर : घरातल्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दीड वर्षाच्या मुलाला ‘नाही’ कळते. पण कळल्यावर पुढे गेलेला हात मागे घेण्यासाठी जो लगाम लागतो, तो मेंदूत तयार व्हायला पुढची कित्येक वर्षे जावी लागतात. तोंडाने ‘नाई’ म्हणत नळाकडे हात नेणारे मूल तुमची थट्टा करत नसते. तुम्ही शिकवलेले वाक्य ते म्हणून दाखवत असते, इतकेच. हाताला ते वाक्य अजून ऐकू येत नाही. म्हणून शिस्तीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून घराच्या मांडणीकडे पाहा, कारण या वयातली सुरक्षितता सांगून येत नाही, ती आपल्याला करून ठेवावी लागते.

सर्वांत आधी पाणी. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे बादलीत वाकताना तोल गेला तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि नाक-तोंड बुडण्यापुरते पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा जीव घ्यायला पुरते. बुडणारे मूल ओरडते, हातपाय आपटते, हा समज सोडून द्या. बहुतेक वेळा काहीच आवाज होत नाही, म्हणून ‘काही झाले असते तर ऐकू आले असते’ या भरवशावर राहू नये. वापरलेली बादली रिकामी करून उपडी ठेवावी, न्हाणीघराच्या दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बाहेरून कडी लावावी, आणि अंघोळ चालू असताना फोन वाजला तर एक तर तो वाजू द्यावा किंवा मुलाला टॉवेलात गुंडाळून बरोबर न्यावे.

दुसरा धोका भाजण्याचा. शेगडीवरच्या भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवलेले असावेत, आणि हातात गरम कप असताना मूल मांडीवर नसावे. कपात ओतून पंधरा मिनिटे झाली तरी ते पेय लहान मुलाची त्वचा भाजू शकते. भाजलेच, तर तो भाग लगेच २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तेल-तूप यांपैकी काहीही लावू नये. तिसरी गोष्ट पुष्कळ घरांत लक्षातच येत नाही, ती म्हणजे रिमोट, वजनकाटा आणि आवाज करणारी खेळणी यांतले नाण्यासारखे चपटे बटण सेल. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून खोल जखम होऊ शकते, म्हणून गिळल्याची नुसती शंका आली तरी शौचावाटे पडेल म्हणून वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. औषधे कुलपात असावीत आणि फरशी पुसण्याचे द्रव कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नयेत.

एवढी मांडणी झाली की शिस्त सोपी होते, कारण ‘नाही’ म्हणण्याच्या जागा तीन-चारच उरतात. जो शब्द दिवसातून शंभर वेळा कानी पडतो त्याला मूल सरावते. जो क्वचित आणि ठामपणे येतो, तो ऐकून थांबायला ते हळूहळू शिकते.

प्रश्न : आमचे बाळ सात आठवड्यांचे आहे. संध्याकाळ झाली की ते दोन-तीन तास रडत राहते. डॉक्टरांनी तपासून काही दोष नाही असे सांगितले आहे. परवा रात्री पत्नी झोपली होती, बाळ माझ्याकडे होते, आणि एका क्षणी त्याला गदागदा हलवून गप्प करावे असे मला वाटले. मी तसे केले नाही. पण असा विचार आला, म्हणजे मी बाप होण्यास लायक नाही का?

उत्तर : विचार येणे आणि तसे करणे यांच्यामध्ये तुम्ही थांबलात आणि नंतर ते लिहून कळवलेत. लायकीचा प्रश्न इथेच मिटवू या, कारण याहून निकडीचे काही सांगायचे आहे.

तान्ह्या बाळाचे रडणे जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांपासून वाढत जाते, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ते टोकाला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. दिवेलागणीनंतर ते अधिक असते आणि पुष्कळदा त्याला कारणच सापडत नाही. दूध पाजून, दुपटे बदलून, खांद्यावर घेऊन, फेऱ्या मारूनही बाळ रडते, तेव्हा आपले काहीतरी चुकते आहे असे वाटू लागते, आणि संतापाला खतपाणी मिळते ते त्या वाटण्यातूनच. तुमच्या हातून काही चुकलेले नाही. तुम्ही नेमके सर्वांत कठीण आठवड्यांत आहात, आणि ते संपणार आहेत.

हलवण्याविषयी मात्र शब्द राखून बोलता येत नाही. या वयात मानेचे स्नायू दुबळे असतात आणि डोके जड असते. काही सेकंद जोराने हलवले तरी मेंदू कवटीत पुढे-मागे आपटतो आणि त्यावरच्या रक्तवाहिन्या तुटतात. त्यातून अंधत्व, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. ज्यांच्या हातून हे घडते ती सगळीच माणसे क्रूर नसतात; त्यांतली पुष्कळ तुमच्यासारखीच जागरणाने थकलेली आणि रात्री बाळाबरोबर एकटी असतात.

म्हणून पुढच्या वेळी संताप चढतो आहे असे वाटताच बाळाला त्याच्या अंथरुणावर उताणे निजवा, आजूबाजूला उशी, दुलई किंवा मऊ खेळणे ठेवू नका, दार लोटून घ्या आणि दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जा. तोंडावर पाणी मारा, कोणाला तरी फोन करा. सुरक्षित जागी निजवलेले निरोगी बाळ दहा मिनिटे रडले म्हणून त्याला काहीही होत नाही. परत येऊन त्याला पाहा आणि पत्नीला उठवायची वेळ आली असेल तर उठवा. त्यात कमीपणा नाही. बाळाला घेऊन सोफ्यावर बसल्या बसल्या मात्र डोळा लागू देऊ नका, कारण तिथे ते कुशीत दबून गुदमरण्याचा धोका बराच असतो.

रडण्याचा नेहमीचा सूर बदलला, बाळ दूध ओढेनासे झाले, हिरवी उलटी झाली, ते निपचित वाटू लागले, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर डॉक्टरांकडे जायला सकाळची वाट पाहू नये. तुमच्या स्वतःविषयीही एक सूचना. बाळंतपणानंतरचे नैराश्य आईलाच येते असे नाही, ते बापालाही येते. हा संताप किंवा उदासी दोन आठवड्यांनंतरही मागे हटली नाही, तर आपल्यासाठी म्हणून डॉक्टरांची वेळ घ्या.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो. शाळेतून आल्यावर आमची अकरा वर्षांची मुलगी चार वर्षांच्या भावाला संध्याकाळपर्यंत सांभाळते. ती फार समजूतदार आहे. गेल्या आठवड्यात तो खुर्चीवरून पडला आणि त्याचा ओठ फाटला. मी तिला ‘तुझे लक्ष कुठे होते?’ असे रागावून विचारले. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. मुलांना घरी एकटे ठेवण्याचे योग्य वय कोणते?

उत्तर : वयाच्या प्रश्नाआधी तिच्याकडे जा आणि तिला सांगा की भाऊ पडला त्यात तिचा दोष नव्हता, लक्ष ठेवणे हे मोठ्या माणसाचे काम होते आणि तिथे मोठे माणूस नव्हते. हे शब्द आईच्या तोंडून यावे लागतील. ती समजूतदार आहे म्हणूनच ती बोलत नाही. तिने तुमचे म्हणणे खरे मानले आहे.

आता वय. जगात सगळीकडे लागू होईल असा एकच आकडा नाही. काही ठिकाणी कायदा किंवा सरकारी सूचना वय सांगतात, पुष्कळ ठिकाणी तो निर्णय पालकांच्या विवेकावर सोडलेला असतो. पण तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. अकरा वर्षांच्या मुलीने दिवसाउजेडी तासभर घरात एकटे राहणे, दाराची घंटा वाजली तर उघडायचे नाही आणि काही झाले तर कोणाला फोन करायचा हे तिला पाठ असणे, हा एक भाग झाला. त्याच मुलीने चार वर्षांच्या मुलाच्या जिवाची हमी घेणे हा अगदी वेगळा भाग आहे. चार वर्षांचे मूल काय करील याचा अंदाज मोठ्यांनाही येत नाही. ते खिडकीवर चढेल की काडेपेटी शोधून काढील, हे आधी ओळखून तिथे पोहोचणे अकरा वर्षांच्या मुलीला जमावे अशी अपेक्षाच अवाजवी आहे.

भावाला जेवू घालणे, गोष्ट वाचून दाखवणे, त्याच्याशी खेळणे, ही मदत तिने जरूर करावी, त्यातून भावंडांत माया वाढते. मात्र मदत करणारे मूल आणि जबाबदार असणारे माणूस यांत गल्लत नको. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात मुलांच्या विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क नोंदवला आहे, आणि रोज संध्याकाळी राखण करणाऱ्या मुलीच्या वाट्याला नेमका तोच येत नाही. त्याच संहितेचे १८वे कलम असेही म्हणते की नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना सांभाळण्याच्या सोयी मिळाव्यात म्हणून सरकारने पावले उचलली पाहिजेत, म्हणजे ही अडचण तुमच्या एकट्या घराची आहे असे जगानेही मानलेले नाही. पाळणाघर परवडत नसेल तर दोघांपैकी एकाच्या कामाची वेळ मागे-पुढे होते का, अशाच अडचणीत असलेल्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर दिवस वाटून घेता येतात का, शेजारचे एखादे भरवशाचे मोठे माणूस तेवढा वेळ घरात येऊन बसू शकते का, हे पाहा. यांतली एकही सोय आदर्श नसेल, पण प्रत्येकीत मोठे माणूस हजर असेल.

प्रश्न : माझे पती म्हणतात, ‘मी कमावतो, ही माझी जबाबदारी; मुलांचे बाकी सगळे तुझे.’ पैशाची कमतरता त्यांनी कधी पडू दिली नाही. तरी हे बरोबर आहे का?

उत्तर : कामे वाटून घेणे बरोबर आहे, जबाबदारी वाटून टाकणे बरोबर नाही. मुलाला आणि त्याच्या संगोपनाला दोन्ही पालक सारखेच जबाबदार आहेत, असे आधी उल्लेखलेले १८वे कलमच सांगते. व्यवहारात याची परीक्षा सोपी आहे. मुलाच्या डॉक्टरांचे नाव, त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, त्याच्या वर्गात त्याला कोण त्रास देते आणि कोणत्या आवाजाला ते दचकते, हे वडिलांना विचारावे. उत्तरे येत नसतील, तर उद्या तुम्ही आजारी पडलात की मुलाला सांभाळणारे कोणीच नसेल, पैसे असतील तरीही.

प्रश्न : नात्यातले एक गृहस्थ आमच्या सात वर्षांच्या मुलीला फार जीव लावतात, भेटी आणतात, तिला एकटीला फिरायला नेतात. दोन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली, ‘आमचा एक खेळ आहे, तो आईला सांगायचा नाही.’ कोणता खेळ, असे विचारल्यावर ती पळून गेली. आता ते आले की ती माझ्या मागे लपते. मी उगाच शंका घेते आणि हे बोलले तर घर फुटेल, असे पतीचे म्हणणे आहे. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे तिला शाळेत शिकवले आहे. तसे काही असते तर ती तेव्हाच ‘नाही’ म्हणाली नसती का?

उत्तर : आजपासून ती त्या गृहस्थांबरोबर क्षणभरही एकटी राहणार नाही, एवढा निर्णय पुराव्याची वाट न पाहता घ्या. त्यासाठी कोणावर आरोप करावा लागत नाही, कारणही सांगावे लागत नाही. शंका खोटी ठरली तर एका मोठ्या माणसाचा थोडा मान दुखावेल. खरी ठरली तर त्या मधल्या काळात काय घडले असते, हे तुम्ही जाणता.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींनी काहीही सिद्ध होत नाही. तरीही त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत, कारण एका मुलावर विशेष लोभ दाखवणे, भेटी देणे, ते मूल एकटे मिळेल अशी निमित्ते काढणे आणि मग आईपासून लपवायचे असे काहीतरी तयार करणे, याच क्रमाने पुष्कळ प्रकरणे पुढे सरकलेली असतात. मुलांचे लैंगिक शोषण करणारी व्यक्ती बहुतेक वेळा अनोळखी नसते. ती घरातली, नात्यातली किंवा ओळखीची असते. मुलाचा विश्वास मिळवण्याआधी ती आईवडिलांचा विश्वास मिळवते, म्हणून ‘ते तसे नाहीत’ असे वाटणे हा निर्दोष असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

मुलीशी बोलायला समोर बसवून चौकशी करू नका. भांडी पुसताना, चित्र रंगवताना, अंथरुणात दिवा मालवण्यापूर्वी, तिला तुमच्या डोळ्यांत पाहावे लागणार नाही अशा वेळी सहज म्हणा, ‘तू त्या दिवशी एका खेळाचे म्हणालीस ना, मला ऐकायला आवडेल. काहीही असले तरी मी रागावणार नाही.’ मग गप्प बसा. ‘त्यांनी तुला इथे हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. त्याने मूल गोंधळते आणि पुढे चौकशीतही त्याच्या सांगण्याचे वजन कमी होते. ‘मग?’, ‘पुढे काय झाले?’ एवढेच पुरे. तिने सांगितलेच, तर सांगितलेस हे चांगले केलेस, मला ते खरे वाटते आणि यात तुझा काही दोष नाही, या तीन गोष्टी तिच्या कानावर घाला. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही आणि तिच्या दृष्टीने तो दुसरा विश्वासघात ठरेल. तिचे शब्द तिच्याच भाषेत, तारीख घालून, त्याच रात्री लिहून ठेवा. तिच्यासमोर रडू किंवा संताप आवरा. आई कोसळली हे दिसले की पुष्कळ मुले सांगितलेले परत घेतात. त्यानंतर त्या गृहस्थांना जाब विचारायला न जाता डॉक्टर आणि पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणा यांच्याकडे जा. समोरासमोर जाब विचारला की सावध होण्याची आणि मुलीवर दबाव आणण्याची संधी त्यांना मिळते. तिने काहीच सांगितले नाही तरी निर्णय तोच राहू द्या, आणि तिच्या वागण्यातला बदल टिकला तर मुलांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकांना भेटा.

तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. नाही, तिने ‘नाही’ म्हणायला हवे होते असे नाही. शाळेतला तो धडा उपयोगाचा असला तरी त्यातून आपण मोठ्यांनी फार सोयीचा अर्थ काढला आहे, की मुलाला शिकवले म्हणजे रक्षण झाले. प्रत्यक्षात तो स्पर्श सुरुवातीला गुदगुल्यांसारखा किंवा लाडासारखाही वाटू शकतो, करणारे माणूस घरात मानाचे असते, मोठ्यांचे ऐकावे असे आपणच तिला शिकवलेले असते, आणि भीतीने मोठी माणसेसुद्धा जागच्या जागी थिजतात. सात वर्षांच्या मुलीने नात्यातल्या पुरुषाला अडवावे, ही अपेक्षा तिच्या वयावर अन्याय करणारी आहे. तिला एकच साधा नियम द्या, की कोणतेही मोठे माणूस आईबाबांपासून काही लपवायला सांगू लागले तर ते सांगितलेच पाहिजे. तो नियम तिला कोणीही समजावून दिलेला नसताना तिने जवळजवळ पाळला. ‘आईला सांगायचा नाही’ असे ती तुम्हाला सांगायलाच आली होती.

पतींना हे उत्तर वाचायला द्या. घर फुटण्याचे भय त्यांना वाटते ते खोटे नाही, नातेवाईक दोन बाजूंना उभे राहतात आणि वर्षानुवर्षे बोलत नाहीत. पण ते घर टिकवण्याचे काम सात वर्षांच्या मुलीच्या गप्प राहण्यावर सोपवता येत नाही.

प्रश्न : आम्हीही मार खाऊन मोठे झालो आणि काही बिघडले नाही. कधीतरी एखादी चापट मारली तर एवढा गहजब का?

उत्तर : बिघडले नाही असे आपण म्हणतो तेव्हा मार न खाता आपण कसे झालो असतो याची तुलना आपल्यापाशी नसते. मारामुळे मूल त्या क्षणी थांबते, हे खरे आहे. का थांबायचे हे त्याला त्यातून कळत नाही, मात्र कोणासमोर सापडायचे नाही हे चांगले कळते. स्वीडनने १९७९ साली कायद्याने मुलांना मारण्यावर घरातही बंदी घातली आणि आज साठहून अधिक देशांत तशी बंदी आहे. आईवडिलांच्या ताब्यात असतानाही मुलाला हिंसेपासून संरक्षण मिळाले पाहिजे, असे बालहक्क संहितेचे १९वे कलम स्पष्टपणे म्हणते. हात उगारला जातो ती वेळ बहुधा आपल्या थकव्याची असते, मुलाच्या चुकीच्या आकाराशी तिचा फारसा संबंध नसतो. तुमच्या घरातल्या मागच्या दोन-तीन चापटी आठवून पाहिल्या तरी हे पटेल.

प्रश्न : माझा घटस्फोट झाला आहे, मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याचे वडील ठरलेली पोटगी सहा महिन्यांपासून देत नाहीत. पैसे देईपर्यंत मुलाला भेटू देणार नाही, असे मी कळवले आहे. निरोप मुलाच्याच हातून पाठवला, कारण ते माझा फोन उचलत नाहीत.

उत्तर : तुमचा राग रास्त आहे आणि पैशाची मागणीही रास्त आहे, पण हत्यार चुकीचे निवडले आहे. मुलाचा उदरनिर्वाह हा मुलाचा हक्क आहे आणि आईवडिलांपैकी दोघांशी नियमित संबंध ठेवणे, त्यात त्याला धोका नसेल तर, हाही मुलाचाच हक्क आहे. पहिला वडिलांनी बुडवला म्हणून दुसरा तुम्ही बुडवला, तर दोन्ही वेळा तोटा एकाच माणसाचा होतो. थकलेली पोटगी वसूल करण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा. पगारातून किंवा मालमत्तेतून ती वसूल करून देण्याचे मार्ग पुष्कळ ठिकाणच्या कायद्यांत असतात, आणि हप्ते, तारखा, न दिलेल्या रकमा यांची लेखी नोंद तुमच्यापाशी असेल तर वकिलाचे काम हलके होते. वडिलांकडे जाण्यात मुलाला मारहाणीचा किंवा व्यसनाचा धोका असेल, तर तो निराळा मुद्दा आहे; तो न्यायालयापुढे त्याच नावाने मांडावा.

निरोपाचे मात्र आजच थांबवा. ‘बाबांना सांग, पैसे दिले नाहीत तर भेट नाही’ हे वाक्य घेऊन वडिलांच्या दारात उभ्या राहिलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला एकच हिशेब समजतो, की आपली भेट इतक्या किमतीची आहे आणि ती बाबांनी दिलेली नाही. फोन उचलत नसतील तर ईमेल करा, संदेश लिहा, वकिलामार्फत पत्र पाठवा.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलीच्या मोबाइलमधले संदेश आईवडिलांनी वाचावेत का? आम्हा दोघांत यावरून रोज वाद होतो.

उत्तर : चोरून वाचू नयेत आणि डोळे मिटूनही बसू नये, हे तुमच्या वादाचे मधले उत्तर आहे. बालहक्क संहितेत मुलांच्या खासगीपणाचा हक्क १६व्या कलमात आहे, आणि मुलाची समज वाढत जाईल त्या प्रमाणात पालकांनी आपले मार्गदर्शन बदलत न्यावे, ही कल्पना पाचव्या कलमात आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा फोन आईवडिलांच्या नजरेखाली असणे ठीक आहे, सतरा वर्षांच्या मुलीचा तसा असणे ठीक नाही, आणि चौदा हे मधले, भांडणाचे वय आहे. म्हणून नियम आधी आणि उघडपणे ठरवावेत. रात्री सर्वांचे फोन, आईवडिलांचेही, झोपण्याच्या खोलीबाहेर राहतील. नवे ॲप घालण्यापूर्वी बोलायचे. आणि तिच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर आम्ही फोन पाहू, पण तुला सांगून पाहू.

मला या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. कोणी तिचे छायाचित्र मिळवून तिला धमकावू लागले, तर ती तुमच्याकडे येईल का? अशा धमकीची सारी ताकद ‘घरी कळले तर’ या तीन शब्दांच्या भीतीत असते. घरी कळले तर फोन काढून घेतला जाईल, शाळा बंद होईल, असे तिला वाटत असेल तर ती त्या माणसाचे म्हणणे मानत जाईल. ‘कितीही मोठी चूक झाली असली तरी आधी मला सांग, फोन मी काढून घेणार नाही’ हे वाक्य शांत दिवशी बोलून ठेवा. पुढे तशी वेळ आलीच, तर पैसे देऊ नका, छायाचित्र आणखी पाठवू नका, संभाषण पुसून टाकू नका आणि पोलिसांकडे जा. ती गप्प-गप्प राहू लागली, जेवण-झोप बिघडली आणि जगण्याविषयी निराशेने बोलू लागली, तर ‘जीव द्यावा असे वाटते का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे; उलट विचारणारे कोणी आहे हे कळून पुष्कळदा बोलणे सुरू होते. उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : आमच्या मोठ्या मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे. तो लवकरच अठरा पूर्ण करील. धाकटी मुलगी पंधरा वर्षांची आहे. आमच्यामागे भावाला तूच पाहायचेस, असे आम्ही तिला लहानपणापासून सांगत आलो आहोत. कायद्याने आमची जबाबदारी अठराव्या वर्षी संपते का?

उत्तर : बहुतेक देशांत अठराव्या वर्षी व्यक्ती सज्ञान होते आणि आईवडील हे आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. नेमकी अडचण इथेच येते, कारण बँकेतले खाते, शस्त्रक्रियेची संमती, मालमत्तेचे कागद यांवर सही कोणाची, हा प्रश्न वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी उभा राहू शकतो. म्हणून वाढदिवसाच्या काही महिने आधी वकिलाचा सल्ला घेऊन तुमच्याकडे कायदेशीर पालक नेमण्याची किंवा निर्णय घेण्यास साहाय्य देण्याची कोणती व्यवस्था आहे ते पाहा. २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातले १२वे कलम असे सांगते की अपंग व्यक्तीलाही कायद्यापुढे इतरांसारखेच स्थान आहे आणि निर्णय घेण्यासाठी तिला लागेल ती मदत मिळाली पाहिजे. तेव्हा ज्या बाबतीत त्याला आवड-निवड सांगता येते, कोणते कपडे, कोणते काम, कोणाबरोबर राहणे, तिथे त्याला विचारण्याची सवय आतापासूनच ठेवा.

धाकटीविषयी तुमच्याशी मी सहमत नाही. भावावर तिची माया असेल आणि मोठी झाल्यावर ती आपणहून पुढे येईलही. पण पंधराव्या वर्षी हो म्हणण्यावाचून तिला दुसरा मार्ग नाही, आणि अशा होकाराला निर्णय म्हणत नाहीत. तिला सांगा की हे ठरवणे आमचे काम आहे, आम्ही ते करतो आहोत, आणि तू सज्ञान झाल्यावर तुला त्यात किती यायचे ते तू सांग. मग ते काम खरोखर करा. मुलाच्या नावे स्वतंत्र आर्थिक तजवीज, तुमच्या मृत्युपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख, तुमच्यानंतर त्याची देखभाल पाहतील अशा एकाहून अधिक व्यक्ती किंवा एखादी निवासी संस्था, आणि त्या संस्थेत तुम्ही हयात असतानाच त्याचे अधूनमधून काही दिवस राहणे, एवढे तरी व्हायला हवे. त्याशिवाय एका वहीत त्याची औषधे, मात्रा, झटके येत असतील तर त्या वेळी काय करायचे, तो कशाने शांत होतो, कोणत्या खुणेचा काय अर्थ आहे, हे सविस्तर लिहून काढा. हे सारे सध्या तुम्हा दोघांच्याच डोक्यात असणार. त्या वहीची एक प्रत डॉक्टरांकडे आणि एक वकिलाकडे ठेवा, आणि औषध बदलले की तिन्ही ठिकाणी दुरुस्ती करा.